ओठ दिसले पाहिजेत

हसनाबादकर सरांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तो दुखवट्याला. एकटा नव्हतो, शाळेतल्या तिघा मास्तरांना गोळा करून, स्वतः पुढारीपण घेऊन गेलो होतो. त्या सोमवारी सर शाळेत आले ते मिशी उतरवून. शनिवारपर्यंत त्यांच्या ओठावर दाट, टोकांना खाली वळलेली मिशी होती आणि सोमवारी तिथे नुसती फिकट पट्टी. एकोणीसशे एक्कावन्न सालच्या भोकरदनात याचा अर्थ एकच होता. वडील हयात असेपर्यंत माणूस मिशीला वस्तरा लावत नसे. मिशी गेली म्हणजे वडील गेले. त्यात विचारायचं काय? डोक्यावर टोपी होती, त्यामुळे टोपीखालचे केस शाबूत आहेत हे कुणाच्या लक्षात आलं नाही. सुतकात हा माणूस शाळेत कसा आला, असं एकाने विचारलं खरं. त्यावर, इंग्रजी शिकवणारा माणूस, तो कसलं सुतक पाळतो, असं उत्तर मीच देऊन टाकलं.

माझा स्वभाव तेव्हा असा होता. बातमी कानावर आली की ती पुढे सरकवल्याशिवाय मला चहा गोड लागत नसे. मधल्या सुट्टीतच मी ती मोटारस्टँडजवळच्या हॉटेलात सांगून आलो होतो.

आम्ही सतरंजीवर बसलो, तोंडं पाडली. सरांनी स्वतः पाण्याचा तांब्या आणून ठेवला. रीतीप्रमाणे मीच विचारलं, "वय काय होतं?"

"कुणाचं?"

"वडिलांचं."

"आबांचं? बहात्तर. का हो?"

"अचानकच झालं म्हणायचं."

"काय अचानक झालं? कालच तर आलो मी त्यांच्याकडून. अंगणात बसून तुराट्यांची टोपली विणून राह्यल्ते."

आत कुणाच्या तरी हातून भांडं पडलं. आम्ही चौघे एकमेकांकडे बघायला लागलो. सरांनी नकळत ओठावरून हात फिरवला आणि मग त्यांना उलगडा झाला. ते हसायला लागले, पण हसू मध्येच थांबलं. आबांचं हसनाबाद काही लांब नव्हतं, आणि आमच्या गावातून तिकडे रोज बैलगाड्या जात.

"पोरांना वरचा ओठ दिसत नव्हता हो," ते म्हणाले. "एफ शिकवायचा म्हंजे वरचे दात खालच्या ओठावर टेकलेले दिसाया पाह्यजेत. मिशीखाली काय दिसणार? म्हणून काढली."

दाराआडून एक सहा वर्षांची मुलगी आमच्याकडे बघत होती. बघत होती म्हणजे आमच्या तोंडांकडे. जो बोलेल त्याच्या तोंडाकडे तिची नजर वळायची. मी म्हटलं, "काय गं, नाव काय तुझं?" ती आत पळाली. लाजाळू असेल, असं मला वाटलं.

परतताना आम्ही रस्ताभर हसलो. इंग्रजीपायी मिशी गेली, हे वाक्य माझंच. ते आठवडाभर गावात फिरत होतं.

त्या काळात आमचा तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता आणि शाळा नुकतीच उर्दूतून मराठीत आली होती. खुद्द सर उर्दूत शिकलेले, गणितसुद्धा उर्दूत. पुढे हैदराबादला ट्रेनिंगला असताना त्यांना कुणीतरी एक इंग्रजी पुस्तक दिलं. इंग्रजीचे उच्चार तोंडात कुठे आणि कसे तयार होतात, एवढाच त्याचा विषय. त्यात पानोपानी माणसाचं मुंडकं नाकापासून गळ्यापर्यंत उभं चिरल्यासारखं चित्र होतं: दात, जीभ, टाळू, पडजीभ, सगळं दिसेल असं. सर ते चित्र रोज फळ्यावर काढायचे. पोरं त्याला "कापलेला साहेब" म्हणत. सर वर्गात येण्याआधीच मॉनिटर फळ्यावर साहेब कापून ठेवायचा.

मी गणिताचा. माझा वर्ग शेजारीच होता आणि मधली भिंत नव्हती, नुसतं तट्ट्याचं पार्टिशन होतं. त्यामुळे त्यांचे सगळे तास मला फुकटात ऐकायला मिळाले. "पी म्हणताना ओठ घट्ट मिटा. वारा आत अडवा. आता सोडा." मग पस्तीस पोरं आपल्या तोंडासमोर कागदाची पट्टी धरून पेन, पेन, पेन करायची आणि पट्ट्या फडफडायच्या. "मराठीतला प म्हटला की पट्टी हलत न्हाई. इंग्रजीत हलली पाह्यजे. फ न्हाई म्हणायचं, पण वारा जाऊ द्यायचा." टी-एचच्या दिवशी सगळा वर्ग जिभा बाहेर काढून बसलेला. एस आणि झेडच्या दिवशी प्रत्येकाचा हात स्वतःच्या गळ्यावर. "एसला गळा गप्प ऱ्हातो. झेडला थरथरतो. थरथरून राह्यला का? मंग बराबर." व्हेरी वेल हे दोन शब्द तर ते महिनाभर पुरवायचे. पहिल्याला दात खालच्या ओठावर, दुसऱ्याला ओठांचा चंबू. मशिदीजवळच्या गल्लीतल्या पोरांना एफ आणि झेड आधीपासून यायचे, उर्दूमुळे. सर त्यांना पुढे उभं करून सांगायचे, "ह्यांचे ओठ बघा." त्या पोरांना शाळेत तेवढ्याच वेळेपुरता मान मिळायचा.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. कुणी म्हटलं की सर, ऐकू आलं नाही, तर ते म्हणायचे, "कान नंतर. आधी डोळे. ओठ दिसले पाहिजेत." हे ते फार गंभीरपणे म्हणायचे. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी वर्गाला इंग्रजीतून प्रश्न विचारला आणि पोरं गप्प. साहेबांची मिशी झुपकेदार. सर हात जोडून म्हणाले, "साहेब, माफ करा, आपला ओठ दिसत न्हाई." मी पार्टिशनमागे रुमाल तोंडात कोंबून बसलो. साहेबांनी शेरा काय लिहिला ते हेडमास्तरांनी आम्हाला कधी सांगितलं नाही.

पण हे पुढचं. त्याआधी हसनाबादचा निरोप आला.

आणला एका गाडीवानाने. शाळेच्या आवारात, सगळ्यांसमोर, त्याने तो सांगून टाकला. हॉटेलात मी सोडलेली बातमी दोन दिवसांत हसनाबादेत पोचली होती. तिथले चार लोक आबांच्या घरी दुखवट्याला गेले तर आबा ओट्यावर बसलेले. "आबा म्हनले, त्यानं मला जित्तेपनी जाळलं," गाडीवान म्हणाला. "म्हनले, त्याला सांग, व्हटावर मिशी येईपत्तोर माझ्या दारात पाय ठिवायचा न्हाई. त्वांड बी दावायचं न्हाई."

सर ऐकून घेऊन म्हणाले, "बरं." आणि तासावर गेले. त्या दिवशी पार्टिशनपलीकडून काहीच ऐकू आलं नाही. त्यांनी पोरांना कित्ता गिरवायला लावला होता.

मला चैन पडेना. संध्याकाळी मी माफी मागायला त्यांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. आत बघितलं ते मी आजवर विसरलेलो नाही. सर जमिनीवर मांडी घालून बसले होते, समोर ती मुलगी. मध्ये वहिनींची, म्हणजे सरांच्या बायकोची, फणेरपेटी उघडून ठेवलेली; तिच्या आरशात मुलगी स्वतःचं तोंड बघत होती. तिचा एक हात सरांच्या गळ्यावर आणि दुसरा स्वतःच्या गळ्यावर. बाजूला ते इंग्रजी पुस्तक. सर ओठ मिटून म्, म् करत होते आणि मुलगी आरशात बघून ओठ मिटत होती, पण तिच्या गळ्यातून काही निघत नव्हतं. सरांनी पुन्हा म् केला. पुन्हा केला. मी दारात उभा राहून मोजायला लागलो आणि चाळिसाच्या पुढे मोजणं सोडून दिलं. मग मुलीच्या नाकातून बारीकसा, भुंग्यासारखा आवाज आला. सरांनी तिला मांडीवर ओढून घेतलं.

सरांची ही मुलगी, मालती, जन्मतःच ठार बहिरी होती. घरात ते कुणाला कळलंच नव्हतं. उशिरा बोलेल, आजोबांवर गेलीय, असं म्हणत होते. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत एका दुपारी गावाबाहेर बंदुकीचे बार झाले. वाड्यातली सगळी पोरं किंचाळत आयांना बिलगली आणि तीन वर्षांची मालू अंगणात बसून बोळक्यांत माती भरत राहिली. तिने मानसुद्धा वळवली नाही. वहिनी मला पुढे एकदा म्हणाल्या होत्या, "समद्यांनी देवाचे आभार मानले, बार आपल्याला लागले न्हाईत म्हणून. मला मातर लागला हो."

म्हणजे मिशी वर्गातल्या पोरांसाठी गेलेली नव्हती. पोरांचं फक्त निमित्त होतं. सरांनी ट्रेनिंगचं पुस्तक पुन्हा काढलं आणि त्यांच्या लक्षात आलं की ज्यात प्रत्येक आवाज कानाशिवाय, नुसता बघून आणि हात लावून करता येतो, असं आपल्याजवळ हेच आहे. मराठीचं असं पुस्तक त्यांना कुठे मिळालं नाही. म्हणून त्यांनी आपल्या मुलीला मराठी बोलायला शिकवलं ते इंग्रजी उच्चारांवरून. याचा परिणाम व्हायचा तो झाला. मालूचा प वारा सोडणारा, तिचा त साहेबाचा. पाणी मागायची ते फाणीच्या जवळपास जायचं. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, मास्तरची पोरगी मडमेवानी बोलती. सरांना हे कळत नव्हतं असं नाही. "चुकतंय," ते मला म्हणाले, "पण वारा तिला हातावर कळतो हो. आपला प कळत न्हाई. जे कळतं तिथून सुरुवात करून राह्यलो."

मी त्या संध्याकाळी माफी मागितली. हॉटेलातलं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही न्हाई तर दुसरं कुणी सांगितलं असतं. मिशी लपवायची कुठं?" आणि मग थोड्या वेळाने, "ठेवली तर आबा बोलतील. काढली तर मालू बोलंल. दोन्ही कसं जमावं?" हे त्यांनी मला विचारलं नव्हतं.  दुसऱ्या दिवशी सकाळी सर शाळेत आले तेव्हा त्यांचा ओठ ताजा घोटलेला होता. मी भोकरदनात होतो तोवर तो एक दिवसही तसा नसल्याचं मी पाहिलं नाही, एकदाचा अपवाद सोडून.

त्यानंतर मी त्यांच्याकडे नेहमी जायला लागलो. प्रायश्चित्त म्हणा. मालूला वेगवेगळ्या माणसांचे ओठ वाचायची सवय व्हावी म्हणून सर मला समोर बसवायचे. माझे वडील मी लहान असतानाच गेलेले, त्यामुळे मिशी ठेवायचं बंधन मला नव्हतं. मी गुळगुळीत होतो. मी बडबडायचो, ती बघायची. त्या नादात मलाही ती विद्या थोडी आली. प्रार्थनेच्या वेळी सर पटांगणाच्या त्या टोकाला, मी या टोकाला, ते आवाज न काढता नुसते ओठ हलवून "चहा?" विचारायचे आणि मी तसंच "चला" म्हणायचो. हेडमास्तरांवरची आमची मतं आम्ही हेडमास्तरांच्या समोर अशी मनमोकळी बोललो आहोत. आयुष्यात मला इतका शांत मित्र दुसरा मिळाला नाही.

वहिनींची एकच तक्रार असे. पुस्तकात व्यंजनं आधी होती आणि स्वर शेवटी. सर पुस्तक सोडायला तयार नव्हते. मालू म, ब, प, फ करत होती. बाबा म्हणत होती, मामा म्हणत होती. वहिनी म्हणायच्या, "मामा वर्षातून एकदा येतो. त्याचं नाव येतं अन् माझं न्हाई. आपल्यात तर पहिलं अक्षरच अ असतंय." सर समजावायचे की आई या शब्दात ओठ कुठेच मिटत नाहीत, दात लागत नाहीत, सगळं काम आत जिभेचं आहे आणि जीभ दिसत नाही, जल्दी करून चालणार नाही. वहिनी ऐकून घ्यायच्या आणि भाकरी थापायला लागायच्या.

दोन वर्षांनी एका बुधवारी सरांनी शाळेत पुरणपोळ्यांचा डबा आणला. सण नाही, वार नाही. सगळ्यांनी विचारलं, काय हो, काय विशेष? सर म्हणाले, "आमच्याकडे स्वर सुरू झाले." कुणाला काही कळलं नाही, पोळ्या मात्र संपल्या. मला कळलं. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

त्याच सुमाराला आबा आले. तहशिलीत काही काम होतं म्हणे. घरात पाऊल टाकलं नाही, ओट्यावर बसले, तेही रस्त्याकडे तोंड करून. "मी पोरीला भेटाया आल्तो," ते हवेला म्हणाले. सर आतल्या दारात उभे. दोघांत चार हातांचं अंतर होतं आणि आबांनी मान वळवली नाही. मी त्या दिवशी तिथे होतो. मालूला वहिनींनी पुढे केलं. आबा तिला काहीतरी बोलले. त्यांची मिशी म्हणजे प्रकरणच होतं, पांढरीशुभ्र, दोन्ही ओठ झाकणारी. मालू वाकून बघायला लागली. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. आबा पुन्हा बोलले. मग ती पुढे झाली आणि दोन बोटांनी तिने आबांची मिशी पडद्यासारखी वर उचलली.

वहिनींनी तोंडावर पदर घेतला. आबांच्या मिशीला आजवर त्यांच्या न्हाव्याशिवाय कुणी हात लावलेला नव्हता. मला वाटलं, आता थोबाडीत बसते. आबा तसेच बसून राहिले. पोरगी मिशी धरून, अगदी जवळून, त्यांच्या ओठांकडे बघत होती, वाट बघत होती. त्यांनी हळूच तिचा हात बाजूला केला, आणि स्वतःच्या चिमटीत मिशी वर धरून म्हणाले, "आता दिसून राह्यलं का?"

मालूने मान हलवली. मग तिने आपला हात त्यांच्या गळ्यावर ठेवला आणि आपल्या त्या मडमेच्या आवाजात म्हणाली, "आबा."

त्या दिवसापासून आबा दर बाजाराला यायला लागले. ओट्यावर बसायचे, चिमटीत मिशी धरायचे आणि नातीशी गप्पा मारायचे. मुलाशी मात्र बोलले नाहीत. काही लागलं तर मालूकरवी. "मालू, तुझ्या बापाला म्हन, तमाखू संपली." बाप शेजारी उभा. मालू वळून बापाला सांगायची, बाप तंबाखू आणून तिच्या हातात द्यायचा, ती आबांना द्यायची. सर मला म्हणायचे, "मिशी बाजूला केली त्यांनी, बघितलं न्हवं? आज ना उद्या मला बी बोलतील." या आशेवर त्यांनी तीन-साडेतीन वर्षं काढली. बाजाराच्या दिवशी ते शाळेतून पळत घरी जायचे.

छप्पन साल संपता संपता आबा गेले. झोपेत गेले, काही न बोलता. मी हसनाबादला दहाव्याला गेलो तेव्हा नदीवर क्षौर चाललं होतं. तो एक अपवाद म्हणालो तो हाच. सुतकाचे दहा दिवस सरांनी दाढी केली नव्हती. मालू शेजारी उभी होती आणि बापाचा ओठ पुन्हा पुन्हा बोटाने पुसून बघत होती, जणू काही लागलंय आणि ते जात नाही. न्हाव्याने सरांचं डोकं केलं, दाढी केली आणि वस्तरा ओठाजवळ आणून थांबला. त्याने भाऊबंदांकडे बघितलं. एक चुलता म्हणाला, "त्यानं ती कवाच देऊन टाकली की." कुणीतरी हसलं.

सर म्हणाले, "दहा दिवसाचं हाये तेवढं काढ." न्हाव्याने काढलं. सरांनी ते ओले खुंट बोटावर घेऊन बघितले आणि ते रडायला लागले. मला म्हणाले, "आबांना द्यायला माझ्याजवळ एवढंच निघालं हो."

पुढे माझी बदली वडीगोद्रीला झाली. पहिल्या वर्षी पत्रं आली. एका पत्रात मालूने स्वतःच्या अक्षरात, आता मी काकांना पूर्ण प्रार्थना म्हणून दाखवीन, असं लिहिलं होतं. आणखी एकात सरांनी लिहिलं, ती शेजारच्या लहान पोरांना आरसा दाखवून एफ शिकवते, पोरं तिला बाई म्हणतात. मी उत्तरं दिली, मग आळस केला. माझ्या अंगचे जे दोष आहेत त्यांत हा एक.

वडीगोद्री म्हणजे रस्त्याकाठचं गाव. मोटारी थांबतात, उतारू चहा पितात, मोटारी जातात. एकोणसाठच्या दिवाळीनंतरची गोष्ट. मी दुकानासमोर उभा होतो आणि गोदावरीकाठच्या शहागडकडे जाणाऱ्या मोटारीतून हसनाबादकर सर उतरले. टोपी तीच, कोट तोच. ओठावर मात्र भरघोस मिशी, निम्मी पांढरी. मला इतका आनंद झाला की मी रस्ता ओलांडेपर्यंतही थांबलो नाही, इकडूनच ओरडलो, "वा सर! मिशी! काय शोभून दिसतेय! आबा असते तर कडेवर घेतलं असतं तुम्हाला!"

सर हसले. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

"मालूला नाही आणलं?" मी विचारलं. मोटारीच्या खिडकीशी वहिनी बसलेल्या दिसल्या. त्यांच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण ओळख दिली नाही.

"आषाढात ताप आला तिला," सर म्हणाले. "मुदतीचा. एकवीस दिवस हुता. शेवटचे चार दिवस डोळेच उघडले न्हाईत तिनं. डोळे मिटल्यावर तिच्याशी बोलायचं कसं? आपण लाख बोलू. तिचा हात धरला अन् माझ्या गळ्यावर ठेवला. अन् बोलत राह्यलो. काय काय बोललो, मला बी याद न्हाई." त्यांनी ओठावरून हात फिरवला, तोच तो जुना हात. "त्या दिवसांत दाढी राहून गेली. मंग राहूच दिली. आता कुणाला दाखवायचेत ओठ?"

जिवंत माणसाच्या दुखवट्याला मी सतरंजी अडवून बसलो होतो, आणि आज भर रस्त्यात ओरडून अभिनंदन केलं.  जन्मभर बडबड केलेल्या माणसाला त्या वेळी एक शब्द सुचू नये, याची लाज मला अजून वाटते. सरच म्हणाले, "गंगेवर चाललो. तेवढं उरकतो." कंडक्टरने घंटी मारली. ते चढले, वहिनींच्या शेजारी बसले, आणि त्यांनी ते फडक्यातलं स्वतःच्या मांडीवर घेतलं.

मोटार सुरू झाली. इंजिनाचा आवाज फार होता. सरांनी खिडकीतून माझ्याकडे बघितलं आणि आमच्या जुन्या सवयीने, आवाज न काढता, मला काहीतरी सांगितलं. दोनदा सांगितलं. मी डोळे ताणून बघत होतो. मोटार वळणावर गेली. मिशीमुळे ते काय म्हणाले ते मला कळलं नाही.